बिनतेलाचा डबा: पाचपैकी चार

कोल्हापुरात राहून 'कट नको' म्हणायची वेळ आली ती स्वादुपिंडामुळं. मार्चमध्ये रात्री दोन वाजता पोटात वरच्या बाजूला कळ उठली, ती थेट पाठीत. पित्त समजून सोडा प्यालो. आडवं पडवेना, उशी पोटाशी धरून पुढं वाकलं की जरा बरं वाटायचं. सकाळी रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडातलं चरबी पचवणारं द्रव्य, २,१४० आलं, त्या लॅबची हद्द १६०. अशी कळ आणि लायपेज तिपटीच्या वर, म्हणजे स्वादुपिंडाला सूज, असं डॉक्टर म्हणाले. मी दारूला शिवत नाही, त्यामुळं घरचे चक्रावले. सोनोग्राफीत कारण दिसलं, पित्ताशयात खडे. सलाईन चालू होतंच. तिसऱ्या दिवशी भूक लागली म्हटल्यावर लगेच खायला दिलं आणि घरी सोडायच्या आधीच दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. खडे ठेवले तर दुखणं परत येतं म्हणे.

घरी बायकोची ड्युटी, म्हणून गल्लीतल्या मावशींचा डबा लावला. वेळेला ऐंशी रुपये. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "डॉक्टरांनी तेल किती सांगितलंय? 'कमी' नको, चमचे सांगा." खोकल्याच्या औषधाचं टोपण त्यांनी तेलाच्या किटलीपाशी ठेवलंय, पाच मिलीच्या खुणेचं. त्यानं मोजूनच माझी फोडणी. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, दुधी नाहीतर दोडका. दुधीला आलं-लसूण एवढं नेमकं की तेल आठवत नाही. दोडका मात्र पाणचट.

एक तारा कापला तो एकादशीचा. डब्यात साबुदाण्याची खिचडी, बोटभर कुटासकट. फोन केला तर म्हणाल्या, "दादा, तेलाचा थेंब नाही हो घातला." मावशी, शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेलच असतं! त्या गप्प झाल्या. मला वाटलं डबा बंद झाला.

पुढच्या एकादशीला वरईचा भात आला, सोबत काकडी आणि साय काढलेल्या दह्याचं ताक. झाकणावर चिठ्ठी: कूट नाही.

रविवारी डबा दीडच्या आत येत नाही, तेवढं धरून चाला. डॉक्टरांनी आता हळूहळू नेहमीचं खायला परवानगी दिलीय. या महिन्याचे पैसे तरी मी भरलेत.