काच बघत बसले आणि पट्टीत फसले

लिहायला लाज वाटतीये पण लिहिते, कारण लेकीच्या वर्गातल्या एका मुलाचे बाबा परवा सेकंडहँड दुर्बीण घ्यायला निघाले होते, मी विचारलं पट्टी बघितली का, तर म्हणाले कसली पट्टी? डिसेंबरात मला कुणी विचारलं असतं तर मीपण हेच म्हणाले असते.

तर झालं असं, लेकीला मृग नक्षत्रातला तेजोमेघ बघायचा होता. ऑनलाइन जाहिरात दिसली, ६ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), ईक्यू५ माउंटसकट (म्हणजे ती धरून आकाशात फिरवणारा स्टँड), १४,००० फायनल. नवीनची किंमत माहिती होती म्हणून हुरळले. विकणारा पोरगा एकदम गोड, ताई ताई करत बोलणारा. वारज्यात एका सोसायटीच्या गच्चीवर बोलावलं, मित्राची सोसायटी आहे म्हणाला (हे तेव्हाच खटकायला हवं होतं, स्वतःच्या घरी का नाही?). आम्ही पोचलो तर दुर्बीण आधीच लावून तयार, संध्याकाळचे साडेपाच, आणि ट्यूब आडवी, लांबच्या मोबाइल टॉवरवर रोखलेली. टॉवर उलटा दिसला पण एकदम क्लिअर. मी यूट्यूब बघून गेले होते, टॉर्च मारून आरसा बघितला, बुरशी नाही, ओरखडे नाहीत. नवरा म्हणाला छान आहे. पैसे फोनवरून दिले आणि त्यानेच पटापट सगळं सुटं करून गाडीत ठेवून दिलं. स्वतःच्या हाताने. आम्हाला हातच लावू दिला नाही हे घरी आल्यावर लक्षात आलं.

आता जे मला त्या दिवशी माहिती नव्हतं ते सांगते. ट्यूब डायरेक्ट माउंटवर बसत नाही. ट्यूबभोवती दोन रिंगा असतात, त्या रिंगा खालून एका लांब पट्टीला बोल्टने आवळतात, आणि ती पट्टी माउंटच्या डोक्यावरच्या खाचेत सरकवून बाजूच्या स्क्रूने घट्ट करतात. खाचेला सॅडल म्हणतात आणि पट्टीला डव्हटेल. पट्टीच्या कडा तिरक्या असतात, बूड रुंद आणि वर निमुळती, त्यामुळे स्क्रू आवळला की ती खाचेच्या ओठाखाली अडकते आणि स्क्रू थोडा सैल पडला तरी उचलून बाहेर येत नाही. साइज मुख्य दोनच, व्हिक्सेन म्हणजे बुडाला साधारण ४४ मिमी आणि जड ट्यूबांसाठी लॉसमँडी, ती ७५ मिमीच्या आसपास. एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत चालत नाही, दोन्ही घेणारं सॅडल वेगळं मिळतं. "सगळ्याला सगळं बसतं ताई, युनिव्हर्सल आहे" असं तो म्हणाला होता. युनिव्हर्सल वगैरे काही नसतं.

जानेवारीत एका रात्री गच्चीवर लावली. मृग बऱ्यापैकी वर आलेला, म्हणून ट्यूब पहिल्यांदाच उभी केली, आणि रिंगांसकट, पट्टीसकट सगळी ट्यूब सर्रकन खाली घसरली. मी कवटाळली म्हणून आरसा वाचला, पण फोकसर (डोळा लावून बघायची, मागेपुढे होणारी नळी) कठड्यावर आपटून वाकला. लेक रडायला लागली, मी पण जवळपास.

दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन नऱ्ह्यातल्या एका लेथवाल्या काकांकडे गेले. डव्हटेल शब्द त्यांना मला समजावावा लागला नाही, उलट त्यांनीच लेथच्या स्लाइडवरचं दाखवलं. मापाचा व्हर्निअर लावला आणि म्हणाले, "ताई, हा नुसता ॲल्युमिनियमचा फ्लॅट आहे, ३८ एमएमचा. कडा सरळ, वरून जरा कानस मारलीये दिसायला." कमी पडणाऱ्या जागेत सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून कोंबला होता! म्हणजे ५-६ किलोची ट्यूब निव्वळ स्क्रूच्या टोकावर आणि रबरावर उभी. आडवी होती तोपर्यंत टिकली, म्हणून तर टॉवर दाखवला, चंद्र होता की तेव्हा वर आकाशात.

माउंटचंही तेच. वरचं ईक्यू५चं स्टिकर नखाने निघालं. एका अनुभवी माणसाला दाखवलं तर म्हणाले हे छोट्या ट्यूबचं माउंट आहे, याला ६ इंची पेलणार नाही, बोट लावलं तरी थरथरेल. काउंटरवेट (ट्यूबचा तोल सांभाळणारं वजन) म्हणून एक माउंटचं स्वतःचं आणि एक जिमची प्लेट तारेने बांधलेली, दांड्याच्या टोकाचा स्टॉपर स्क्रू गायब, म्हणजे वजन सुटलं असतं तर थेट पायावर. आणि माउंटवरचा अक्षांशाचा काटा ४० अंशांवर. "फॅक्टरी सेटिंग आहे, हलवू नका," असं तो पोरगा म्हणाला होता. अहो पुणे साडेअठरा अंशावर आहे, ध्रुव तारा आपल्याकडे इतकाच वर दिसतो, ईक्यूचा मुख्य अक्ष त्याच्याकडे रोखावा लागतो. आम्ही खाली आणला तर काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला थटायला लागला. चांगल्या माउंटलाही आपल्या अक्षांशावर असं होऊ शकतं, दोन पाय उत्तरेला करून दांडा मधून जाऊ द्यायचा. पण ४० वर ठेवून विकणाऱ्याने पुण्यात ती कधी वापरलीच नाही हे नक्की.

फोन केला तर बंद, चॅटमधले त्याचे मेसेज त्याने डिलीट केलेले. स्क्रीनशॉट काढायची अक्कल मला नंतर आली.

त्यामुळे बघायला गेलात तर लावून ठेवलेली दुर्बीण बघून खूश होऊ नका. ट्यूब काढायला सांगा आणि स्वतः परत चढवा, आधी काउंटरवेट मग ट्यूब, उतरवताना उलटं. पट्टीची रुंदी मोजा, साधी शाळेची फूटपट्टी चालेल. मग ट्यूब सरळ उभी करा, पाच मिनिटं खाली हात धरून तशीच ठेवा. पट्टीच्या पुढच्या, म्हणजे ट्यूबच्या तोंडाकडच्या टोकाला एखादा बोल्ट असला तर उत्तम, घसरली तरी तिथे अडते. आणि कुणीतरी जाणकार बरोबर न्या. टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था (हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था) आहे, १९४४ पासूनची, माझ्या घरापासून पंचवीस मिनिटांवर, आणि मी तिथे फसल्यानंतर गेले.

काकांनी व्हिक्सेनच्या मापाची नवी पट्टी करून दिली, पण ती लावायला धड माउंट नाही, तेव्हा आता सुताराकडून प्लायवूडचं डॉबसोनियन खोकं (जमिनीवर ठेवायचं साधं माउंट) करून घेतोय, त्यात रिंगा-पट्टीची भानगडच नाही, ट्यूबच्या दोन बाजूंना गोल चकत्या आणि त्या टेफ्लॉनवर फिरतात.

परवा तीच जाहिरात परत दिसली. नाव वेगळं, किंमत १६,५००, फोटो तोच, मागे हिरवी ग्रिल आणि ट्यूब आडवी. झूम करून बघितलं, अक्षांश अजून ४० वरच आहे.