ब्रोमाडिओलोनचा केक: घराला आणि परसाला चालतो का?

उंदरांचं औषध घरात आणायचंच असेल, तर ब्रोमाडिओलोन ०.००५ टक्के असलेला मेणाचा केक आणावा. रोबन, मॉर्टीन रॅट किल अशा नावांनी तो मिळतो. नाव कुठलंही असो, पाकिटावर हाच घटक आणि हेच प्रमाण छापलंय ना, एवढं बघून घ्या.

याच्याबद्दल नेहमीची तक्रार म्हणजे, ‘केक कुरतडला, पण उंदीर अजून फिरतायत.’ फिरणारच. हे विष शरीरात व्हिटॅमिन ‘के’चं काम अडवतं, रक्त गोठेनासं होतं आणि उंदीर साधारण चार ते सात दिवसांनी मरतो. हा उशीरच कामाचा आहे. झिंक फॉस्फाईडची काळी पावडर थोडीशी खाऊन वाचलेला उंदीर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. इथे मात्र आपण कशाने आजारी पडलो हे त्याला कळतच नाही, म्हणून तो रोज येऊन खात राहतो.

दुसरी जमेची बाजू म्हणजे उतारा: डॉक्टर व्हिटॅमिन के१ देतात. काळ्या पावडरीला उतारा नाही, पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टलाही नाही. टूथपेस्टसारखी दिसणारी ती ट्यूब लेकराबाळांच्या घरात आणूच नये. मुलाने किंवा कुत्र्याने केक खाल्ल्याचा नुसता संशय आला, तरी पाकीट बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा. रक्तस्राव काही दिवसांनी सुरू होतो, त्यामुळे आज मूल खेळतंय म्हणून थांबू नका.

केक फसतो तो बहुतेक वेळा मांडणीत. उंदीर भिंतीच्या कडेने पळतो. जिथे त्याच्या अंगाचा काळपट तेलकट डाग भिंतीला लागलेला दिसेल, तिथेच केक हवा. तीन इंची पीव्हीसी पाइपचा दीड फुटाचा तुकडा भिंतीला लावून आडवा बांधा आणि केक तारेत ओवून मधोमध पक्का करा. मोकळा ठेवलात तर उंदीर तो ओढून नेतो आणि मग कुठे पडलाय ते कुणालाच ठाऊक नसतं. मोठ्या उंदरांसाठी पाच ते दहा मीटरवर एकेक जागा पुरते. पिटुकले उंदीर फार लांब जात नाहीत आणि दहा ठिकाणी चाखत फिरतात, म्हणून त्यांना दोन-तीन मीटरवर छोटे तुकडे ठेवा. नवी वस्तू दिसली की मोठा उंदीर काही दिवस लांबच राहतो. तेवढ्यात पाइपची जागा बदलू नका. दर दोन-तीन दिवसांनी बघा आणि संपलेला केक लगेच भरा. मध्येच खंड पडला की वाचलेले पुन्हा वाढतात. लेंड्यांत केकचा निळा-हिरवा रंग उतरलेला दिसला, की खाणं सुरू झालंय. कोंबड्यांचं खाद्य किंवा ओला कचरा रात्री उघडा राहिला, तर केककडे कुणी फिरकणार नाही.

घुशीसाठी संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू आहेत; केक त्यांत वीतभर आत सरकवा. पावसाळ्यात गोगलगायी केक खातात आणि त्यांना काही होत नाही, त्यामुळे खाल्लेल्या केकवर दातांच्या खुणा आहेत का ते बघा. चिचुंद्रीला मात्र याचा उपयोग नाही. ती किडे-झुरळं खाते, तिला राहू द्या.

‘उंदीर बाहेर जाऊन मरतात’ हे दुकानदाराचं म्हणणं खरं नाही. बरेचसे बिळात मरतात, काही माळ्यावर, आणि मग आठवडाभर वास. माळा आणि फॉल्स सीलिंग यांसाठी चापच बरा. मेलेला उंदीर हातमोजे घालून उचला आणि दोन फूट खोल पुरा, नाहीतर तो मांजर किंवा घुबड खाईल आणि विष त्यांच्याही पोटात जाईल.

खाणं पूर्ण थांबलं की उरलेले केक गोळा करा आणि मगच भोकं सिमेंट व काचेच्या तुकड्यांनी बुजवा. आधी बुजवलीत तर उंदीर आतच कोंडले जातात.