दोन विष्णू, दोन स्वरलिप्या
विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) पेशाने वकील, विष्णू दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) गवई. दोघांनीही गाणं कागदावर उतरवलं, पण खुणा मात्र वेगवेगळ्या.

भातखंड्यांकडे कोमल (थोड्या उतरलेल्या) स्वराखाली आडवी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकाला वर टिंब. एका मात्रेत (तालाच्या एका ठोक्यात) दोन-तीन स्वर असले की खाली एकच कंस. नजर टाकताच बंदिश (तालात बांधलेली गीतरचना) गुणगुणता येते. पलुस्करांकडे मंद्राचं टिंब चक्क स्वराच्या डोक्यावर, तारसप्तकाला उभी रेघ, शिवाय प्रत्येक स्वराखाली त्याच्या कालमानाची वेगळी खूण. समही (तालाची पहिली मात्रा) भातखंड्यांकडे गुणिलेच्या चिन्हाने, पलुस्करांकडे १ या आकड्याने. एकीची सवय झालेल्याला दुसरी वाचताना हमखास चकवा बसतो.

लयीचा काटेकोरपणा पलुस्करांकडे जास्त, यात वाद नाही. लहानपणी फटाक्याने दृष्टी अधू झालेल्या माणसाने इतकी बारीक चिन्हं योजावीत, याचं मला फार अप्रूप वाटतं. तरीही नव्या विद्यार्थ्याच्या हातात मी भातखंड्यांची ‘क्रमिक पुस्तकमालिका’च देईन: चिन्हं थोडी, आणि सहा भागांत बंदिशींचा केवढा तरी साठा. एखाद्या बंदिशीची लय नेमकी कुठे वळते ते तपासायचं असेल, तर पलुस्करांची लिपी उघडावी.