आडवी की बांबूची? शेवटच्या वर्षाच्या सायकल प्रोजेक्टसाठी

डिप्लोमाच्या प्रोजेक्टला 'काहीतरी वेगळी सायकल' करायची ठरलं की ग्रुपमध्ये दोन नावं हमखास निघतात: पाठ टेकून, पाय पुढे टाकून चालवायची रिकम्बंट आणि बांबूच्या फ्रेमची. कोकणात शिकत असाल तर आधी गेटबाहेरचा रस्ता बघा, यूट्यूब नंतर.

रिकम्बंटचा वेग खोटा नाही. १९३३ साली फ्रान्सिस फोरने पॅरिसला अशाच सायकलवर तासात ४५ किलोमीटरहून जास्त अंतर कापून जुना विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ही जातच शर्यतींतून बाद केली. पण ती जिंकते वाऱ्याचा विरोध कमी करून, म्हणजे सपाटीवर आणि चांगल्या वेगात. आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला निघालात की चढच चढ. तिथे वेग ताशी सात-आठवर येतो, वाऱ्याचा प्रश्न उरत नाही, वजनाचा उरतो. पॅडलवर उभं राहून जोर लावायची सोय नाही, आणि दोनचाकी असेल तर ती डुलते. तिसरं चाक लावून डुलणं थांबवाल, पण पुढे दोन चाकं आली की वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळवावं लागतं. ते गणित चुकलं की टायर घासत जातात. साखळी दुप्पट-तिप्पट लांब, मध्ये पुली. शिवाय ग्रिल-गेटवाल्याच्या वेल्डिंगला पातळ पाइप भोकं पाडून घेतो, म्हणून जाड पाइप घेता आणि चढावर तो वाहता. बैठक इतकी खाली की महामार्गावर डंपरवाल्याला तुम्ही दिसतच नाही.

बांबूचं दुखणं वेगळं. माल दारातला: सिंधुदुर्गातला माणगा जातीचा बांबू जवळजवळ भरीव, दणकट, म्हणून थोडा जड. पण जुलैत विषय ठरवून भर पावसात बांबू तोडलात तर तो वाळणार कधी? आधीच तोडून सावलीत वाळवलेला, बोरॅक्स-बोरिकचं पाणी दिलेला घ्या, नाहीतर भुंगा पीठ पाडतो. प्रक्रियेबद्दल कुडाळच्या कोनबॅक या बांबू केंद्रात विचारता येईल.

खरा प्रोजेक्ट सांध्यात आहे. पॅडलची नळी, हँडल बसतं ती पुढची नळी, मागच्या चाकाच्या पट्ट्या भंगारातल्या सायकलीतून कापायच्या, बांबू त्यांवर नीट बसेल असा घासायचा, इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवलेल्या धाग्याने आवळायचा. बंदरावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्यांचा या कामात हात बसलेला असतो. त्यांच्याकडून गुंडाळणं शिका, पण त्यांचं नेहमीचं पॉलिएस्टर रेझिन घेऊ नका. बांबूला इपॉक्सीच जास्त चांगलं धरतं. टोकं वार्निशने बंद करा, खाऱ्या दमट हवेत बांबू फुगतो-आक्रसतो आणि तडा सांध्यापाशी जातो. चार-पाच नमुना सांधे लॅबच्या यूटीएमवर (ताकद तपासायच्या मशीनवर) ओढून तोडलेत की व्हायवाला दाखवायला आलेखही मिळतात.

एसएई इंडिया या वाहन-अभियंत्यांच्या संघटनेच्या एफिसायकलसारख्या तीनचाकींच्या स्पर्धेत उतरायचं असेल तर तीन चाकांचाच अभ्यास करा, तिथे रस्ता तुमच्या गावचा नसतो. बाकी ग्रुपना मी बांबूच सांगेन.

दोघांचाच ग्रुप आणि खिसा रिकामा असेल तर जुन्या काळ्या सायकलीची मागची बाजू फूट-दीड फूट लांबवून हापूसच्या पेट्या नेणारी सायकल करा. तिला दोन्ही चाकांना दमदार ब्रेक हवेत, उतारावर पेट्या मागून ढकलतात.