इम्प्लांटच्या काखेकडच्या बाजूला आवरण कशाचं: फॅशिया, स्नायू की मॅट्रिक्स?

स्तन काढल्यावर पुनर्रचनेसाठी छातीच्या स्नायूखाली एक्स्पांडर (त्वचा ताणायला हळूहळू भरत नेायची पिशवी) किंवा इम्प्लांट (स्तनाच्या जागी कायमची बसवायची पिशवी) बसवलं, की पेक्टोरालिस मेजर हा छातीचा स्नायू त्याचा वरचा आणि आतला भाग झाकतो. खालचा, काखेकडचा भाग उघडाच राहतो. तिथे नुसती त्वचा असेल आणि जखम उसवली, तर इम्प्लांट उघडं पडतं आणि बहुतेकदा काढावंच लागतं.

आमची पहिली पसंती सेराटस फॅशियाला, म्हणजे बरगड्यांच्या बाजूच्या सेराटस स्नायूवरच्या पातळ पडद्याला. पेक्टोरालिसच्या बाहेरच्या कडेपासून तो काखेकडे सोडवत नेतात आणि काखेच्या पुढच्या रेषेपाशी थांबतात. त्यापुढे लाँग थोरॅसिक नर्व्ह, म्हणजे सेराटस स्नायूला चालवणारी मज्जारज्जूची शाखा, असते. ती दुखावली तर खांद्याचं पातं मागे उचललं जातं. पडद्याची मोकळी कड मग विरघळणाऱ्या २-० धाग्याने पेक्टोरालिसच्या कडेला शिवतात. हा पडदा स्वतःचा, रक्तपुरवठा असलेला, आणि त्यासाठी वेगळं बिल नाही.

अडचण त्याच्या पातळपणाची. सडपातळ स्त्रियांमध्ये तो कॉटरीने (विजेच्या उष्णतेने कापणाऱ्या उपकरणाने) सहज फाटतो, कधी स्तनाबरोबरच निघून जातो. म्हणून कॅन्सर सर्जनशी आधीच बोलून ठेवावं. गाठ पडद्याला लागून असेल तर मात्र तो वाचवायचाच नाही.

पडदा फाटला, तर सेराटस स्नायूच उचलता येतो. आवरण भक्कम मिळतं, पण दुखणं जास्त, खालचा भाग नीट फुगत नाही आणि इम्प्लांट वर सरकतं.

मॅट्रिक्स म्हणजे पेशी काढून टाकलेली दात्याची किंवा प्राण्याची त्वचा. खालचा आकार छान येतो, थेट इम्प्लांट बसवायला जागाही मिळते. पण ते महाग असतं, आणि त्यात रक्तवाहिन्या शिरेपर्यंत पाणी साठणं व जंतुसंसर्ग यांचा धोका राहतो. साठलेलं पाणी बाहेर काढणारी नळी, म्हणजे ड्रेन, त्यातून येणारं पाणी २४ तासांत ३० मिलीच्या खाली येईपर्यंत ठेवावा लागतो. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये सांगितलं, की काही मॅट्रिक्समध्ये गुंतागुंत जास्त दिसते.

स्तन मोठे, ओघळलेले असतील तर खालच्या जास्तीच्या त्वचेचा वरचा थर खरवडून तीच आत वळवता येते. अशा वेळी मॅट्रिक्सचा खर्च करू नये.

यातलं कुठलंच आवरण रक्तपुरवठा तुटलेली त्वचा वाचवत नाही. धूम्रपान, मधुमेह किंवा आधीचं रेडिएशन असेल तर धोका वाढतो. टेबलावरच त्वचेची कड काळसर दिसली, तर ती कापून एक्स्पांडर जवळपास रिकामा ठेवावा, किंवा पुनर्रचनाच पुढे ढकलावी.