आठ महिने एअर गादी वापरल्यानंतर

सासूबाईंना गेल्या नोव्हेंबरात अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. घरी आणताना सिस्टरने डिस्चार्जच्या कागदामागे पेनाने लिहून दिलं होतं: 'एअर बेड घ्या. दर दोन तासांनी कूस.' पहिली गोष्ट आम्ही त्याच संध्याकाळी केली. दुसरीचं मोल कळायला फेब्रुवारी उजाडला. ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलंय आणि पडून पडून अंगाला जखमा, म्हणजे बेडसोअर, होण्याची भीती आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सर्जिकलच्या दुकानात दोन प्रकार मिळतात. एक फुगवट्यांची, 'बबल'. ती आम्हाला २,४०० रुपयांना पडली आणि पाच आठवड्यांत गेली. दोष गादीचा नव्हता, माझ्या बांगडीत अडकवलेल्या सेफ्टी पिनेचा होता. आईंना वर सरकवताना ती टोचली आणि अख्खी गादी बसली. तेव्हापासून आईंजवळ जाताना पिना काढून ठेवते, हातातल्या बांगड्याही. दुसरा प्रकार आडव्या नळ्यांचा. तो साडेसहा हजारांना घेतला, जानेवारीपासून चालू आहे. यातली एखादी नळी फुटली तर तेवढीच बदलता येते. पैशांची ओढाताण नसेल तर थेट हीच घ्या.

काम साधं आहे. पंप एकाआड एक नळ्या भरतो, बाकीच्यांतली हवा सोडतो आणि काही मिनिटांनी उलट करतो. त्यामुळे अंगाच्या एकाच जागेवर सतत भार राहत नाही. भार राहिला की तिथला रक्तपुरवठा दबतो आणि कातडी आतून मरायला लागते. माकडहाड, खुबे, टाचा, म्हणजे जिथे हाड वर आहे तिथे आधी. पंपावरचं बटण माणसाच्या वजनाप्रमाणे लावायचं. आम्ही सुरुवातीला 'जास्त फुगली तर जास्त मऊ' समजून पूर्ण फिरवून ठेवलं होतं. गादी दगडासारखी झाली होती.

आणि एक चूक आम्ही प्रेमापोटी केली. आईंनी स्वतःच्या हाताने शिवलेली गोधडी आहे, जुन्या नऊवारींची. त्यांना ओळखीचं वाटेल म्हणून तीच गादीवर घातली, वर सोलापुरी चादर चौपदरी. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरने पाहिलं आणि म्हणाली, "ताई, मग गादी घेतलीच कशाला?" एवढ्या थरांतून नळ्यांचं वरखाली होणं अंगापर्यंत पोचतच नाही. आता गादीवर एकच पातळ सुती चादर, तीही सैल. गोधडी पांघरायला.

आता फेब्रुवारीचं सांगते. पहाटे पंपाची घरघर चालू होती म्हणून मी निर्धास्त होते. सहाला कूस बदलायला गेले तर आई खाली पलंगाच्या फळीला टेकलेल्या. पाइप पंपापासून निसटला होता. पंप चालू, गादी रिकामी. त्यांना बोलता येत नाही. डाव्या हाताने कठड्यावर टकटक करतात, ती मला झोपेत ऐकू आली नव्हती. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. बोटाने दाबला, पांढरा पडला नाही. हीच बेडसोअरच्या पहिल्या पायरीची खूण. दाबून पांढरा पडून परत लाल होणारा डाग वेगळा. चार दिवस त्यांना पाठीवर अजिबात झोपवलं नाही, डावी-उजवी कूस आणि पाठीमागे उशी. पाचव्या दिवशी डाग फिका झाला. त्या चार दिवसांत शेजारून दोन सल्ले आले: तेल लावून चोळा, आणि मधे भोक असलेली रबरी रिंग ठेवा. डॉक्टरांनी दोन्हीला नाही सांगितलं. चोळल्याने दुखावलेली कातडी आणखी फाटते, आणि रिंगची कड भोवतीचं रक्त अडवते.

तेव्हापासून रोज रात्री पाइप तपासते आणि आईंच्या कमरेखाली, गादीच्याही खालून, हात घालून बघते. त्यांचं हाड तळव्याला लागलं तर हवा कमी आहे. टाचांना गादीचा भरवसा नाही. पोटरीखाली उशी देऊन त्या अधांतरी ठेवतो. वर सरकवताना ओढत नाही, तेवढ्यापुरतं जुनं सुती लुगडं घडी करून अंगाखाली घालायचं, त्याला धरून दोघांनी उचलायचं.

उन्हाळा मात्र कठीण गेला. सोलापूरचा एप्रिल आणि खाली प्लास्टिक. पाठ घामाने निथळायची, ओली कातडी लवकर सोलते. दिवसातून दोनदा चादर बदलावी लागली. लाइट गेली की पंप बंद, हवा हळूहळू उतरते. पण त्याला झिरोच्या बल्बएवढीच वीज लागते, इन्व्हर्टरवर आरामात चालतो.

खर्चाचं एक सांगायला हवं. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. घरची गादी, डायपर, दिवसपाळीची मावशी, हे सगळं खिशातून. हे आधी माहीत असतं तर आम्ही हात राखून खर्च केला असता.

आणि माझं. पहिले दोन महिने बारा, दोन, चार, सहा असे गजर लावून उठत होते. जेवताना डोळे मिटायचे. एकदा आईंवर ओरडले, त्या नुसत्या बघत राहिल्या. ते अजून मनातून जात नाही. मार्चमध्ये डॉक्टरांनी पाठ तपासून, गादी नीट चालतेय हे पाहून, रात्रीचं अंतर साडेतीन तासांवर आणलं. सलग तीन तास झोप म्हणजे काय, हे तेव्हा कळलं. गादीने मला दिलेलं सगळ्यात मोठं तेच. पण तेवढ्याने भागत नव्हतं, कंबर बोलायला लागली होती. शेवटी नणंदेला बोलावून सगळं दाखवलं: लुगड्याने उचलणं, कमरेखाली हात घालणं, पाइप. पलंगावर वेळांचा कागद चिकटवला. ती आता दर महिन्याला दोन दिवस येते.

गेल्या शनिवारी मी माहेरी जाऊन दोन रात्री झोपले. परत आल्यावर चप्पल काढून, हात धुऊन आधी आईंना कुशीवर वळवलं आणि माकडहाड बघितलं. कातडी स्वच्छ होती.