सिनॅमन रोल: साच्यातले अमेरिकन की सुटे स्वीडिश?

घरातल्या कुणाच्या वहीतली सिनॅमन रोलची, म्हणजे दालचिनी-साखरेचं सारण पसरून सुरळी केलेल्या गोड पावाची, कृती हाती असली, तरी ओव्हन लावण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. साच्यात एकमेकांना चिकटून फुगलेले, वर क्रीम चीजचं आयसिंग फासलेले अमेरिकन रोल करायचे, की एकेक सुटे भाजलेले, वेलदोड्याच्या वासाचे स्वीडिश कानेलबुल्ले? मैदा, दूध, लोणी, यीस्ट दोन्हींत आहेच. चुकायच्या जागा मात्र वेगळ्या आहेत. पहिल्यांदाच करणाऱ्याने स्वीडिश करावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

अमेरिकन १२ रोलना साधारण ५४० ग्रॅम मैदा, २४० मिली कोमट दूध, २ अंडी, १०० ग्रॅम साखर, ७५ ग्रॅम लोणी, १ चमचा मीठ आणि ७ ग्रॅम कोरडं यीस्ट लागतं. सारणात २०० ग्रॅम ब्राऊन शुगर, ७५ ग्रॅम मऊ लोणी, अडीच मोठे चमचे दालचिनी. १३ बाय ९ इंचाचा साचा, १७५ अंश, २५ मिनिटांच्या आसपास. लहान ओटीजीत हा साचा बसत नाही. मग सगळं निम्मं करून ८ इंची साच्यात ६ रोल लावा.

स्वीडिश २० बुल्ल्यांना ४०० ते ४२० ग्रॅम मैदा, २५० मिली दूध, ७५ ग्रॅम लोणी, ४५ ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, २५ ग्रॅम ताजं यीस्ट (किंवा ८ ग्रॅम इन्स्टंट) आणि जाडसर कुटलेला वेलदोडा १ चमचा. पिठात अंडं नाही, ते फक्त वरून लावायला. सारण अगदी कमी: ५० ग्रॅम लोणी, ४५ ग्रॅम साखर, १ मोठा चमचा दालचिनी. २२५ अंशांवर ८ ते १० मिनिटं. वर टपोरी, न विरघळणारी साखर लागते. ती मिळाली नाही तर साखरेचे क्यूब ठेचून घ्या. वेलदोडा मात्र आयत्या वेळी सोलून कुटा. डब्यातल्या जुन्या पुडीने या बुल्ल्यांचा जीवच जातो.

अमेरिकन रोलचं खरं संकट मधल्या रोलात असतं. कडेचे तांबूस होतात आणि मधला आत कच्चा, चिकट राहतो, कारण त्याला चारी बाजूंनी ओलं पीठ चिकटलेलं असतं. रंगावर विसंबू नका. मधल्या रोलात थर्मामीटर खुपसून ८८ ते ९० अंश दिसले की काढा. वर आधीच रंग चढत असेल तर फॉइल झाका. स्वीडिश बुल्ले लहान आणि सुटे, त्यामुळे कच्चे राहण्याची भीती जवळजवळ नाही. उलट दोन मिनिटं जास्त झाली की कोरडे पडतात.

सारण गळणं दोन्हींत होतं, अमेरिकनमध्ये जास्त, कारण साखर चौपट असते. लोणी वितळवून लावू नका, बोटाने पसरेल इतकंच मऊ असू द्या. मुंबई-कोकणातल्या उकाड्यात मात्र ते ३२ अंशांपुढे आपोआप पाघळतं. अशा वेळी लाटण्याआधी पिठाचा गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि सुरळी दोऱ्याने कापा. सुरी ती चेपते. सुरळी फार आवळून केली तर मधलं वेटोळं भाजताना वर उसळतं. दालचिनी पिठात मिसळायचा मोह टाळा, तिच्यातल्या तेलाने यीस्ट मंदावतं. ब्राऊन शुगर नसेल तर १ कप साखरेला १ मोठा चमचा काकवी चोळली की काम भागतं.

जुन्या वहीतली मापं हा वेगळाच घोळ. अमेरिकन कृतीत ‘एक केक यीस्ट’ म्हणजे सुमारे १७ ग्रॅम ताजं यीस्ट, आजच्या ७ ग्रॅमच्या कोरड्या पाकिटाइतकं. लोण्याची एक ‘स्टिक’ ११३ ग्रॅमची. कपात चमच्याने भरलेला मैदा १२० ग्रॅम भरतो, कप थेट डब्यात बुडवला तर १४० च्या वर. साडेचार कपांत हा फरक शंभर ग्रॅमपर्यंत जातो आणि रोल दगडासारखे होतात. स्वीडिश कृती डेसिलिटरमध्ये (१०० मिलीच्या मापात) असते: १ डेसिलिटर मैदा ६० ग्रॅम. तिथे यीस्टची वडी ५० ग्रॅमची मिळते, म्हणून कृती बहुधा अर्धा लिटर दुधाची आणि ४० बुल्ल्यांची. आपला मैदा पाणी कमी पितो, तेव्हा दोन-तीन चमचे दूध मागे ठेवून मळायला घ्या. लोणी खारं असेल तर मीठ कमी करा.

खाणारे किती आणि कधी, यावरही निवड ठरते. सहा-आठ माणसं एकदम बसणार असतील तर अमेरिकन रोल कोमट असतानाच संपवावेत, तेव्हाच ते खरे लागतात. क्रीम चीज लावल्यावर उन्हाळ्यात दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवावे लागतात आणि फ्रिजमध्ये पाव लवकर वातड होतो. रोज चहाबरोबर एकेक हवा असेल तर स्वीडिशच करा: पूर्ण गार झाले की पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागेल तेव्हा १५० अंशांवर पाच-सात मिनिटं गरम करा.